भुलाबाईला नाव देताना

लोकगीताला शीर्षक नसते. गाणाऱ्या बाया ते पहिल्या ओळीवरूनच ओळखतात. शीर्षक देतो तो संपादक. छापील संग्रहात हे काम निरुपद्रवी वाटते. यूट्यूबवर मात्र शीर्षक हाच दरवाजा असतो, आणि तो कोणत्या दिशेला काढायचा हे ठरवावे लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील काही वयस्क स्त्रियांकडून आम्ही भुलाबाईची गाणी चित्रित करून घेतली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाई-भुलोबांच्या मूर्ती मांडून मुली गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून आणलेला खाऊ ओळखतात. पश्चिम महाराष्ट्रात हत्तीचे चित्र मधोमध ठेवून फेर धरतात, तो भोंडला किंवा हादगा. कित्येक गाणी थोड्याफार फरकाने दोन्हीकडे सापडतात.

आमच्यातील एकाचे म्हणणे असे पडले की, पुण्यामुंबईचा प्रेक्षक ‘भोंडला’ हाच शब्द टंकणार. तेव्हा शीर्षकात तोच असावा. शोधणाऱ्याच्या शब्दाचा मान राखला पाहिजे, हे आम्हांसही मान्य होते. परंतु भुलाबाई ही भोंडल्याची वैदर्भीय आवृत्ती नव्हे. तिचे नावच मागे पडले, तर प्रेक्षक लाभूनही भुलाबाई कोणाला भेटली, असे म्हणता येणार नाही.

दुसरी सूचना अधिक अवघड होती. यवतमाळ हे नाव बाहेर शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमुळे परिचित आहे. ते शब्द जोडल्यास लोक थांबून पाहतील. गाणाऱ्यांपैकी एकीच्या घरी ते दुःख घडलेले होते. तिने ते गाण्यात आणले नव्हते. आम्ही ते टॅगमध्ये आणणे हा तिच्या मौनाचा सौदा झाला असता. ती सूचना तेथेच संपली.

शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा असते, आणि शोधयादीत त्याचा शेवट पुष्कळदा कापला जातो. म्हणून आरंभी ‘भुलाबाईची गाणी’, मग यवतमाळ, त्यानंतर गाण्याची पहिली ओळ, असा क्रम ठरला. भोंडला व हादगा यांच्याशी असलेले नाते वर्णनाच्या सुरुवातीस दोन पूर्ण वाक्यांत सांगितले. तेथे नुसती टॅगांची रास ओतणे यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

उरले टॅग. त्यांना एकूण 500 अक्षरे मिळतात. पण त्यांचा वाटा गौण असून जे शब्द लोक नेहमी चुकीचे लिहितात त्यांच्यापुरतेच ते मुख्यतः उपयोगी, असे यूट्यूबच सांगते. आमच्याकडे असे शब्द कमी नाहीत. ‘यवतमाळ’चे ‘यवतमाल’ होते. ‘वऱ्हाडी’ तर डोळ्यांना एकच दिसतो, पण संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवला जातो: कोणी ‘ऱ’चा पाय मोडतो, कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. शिवाय ‘व-हाडी’ आहेच, आणि रोमन लिपीतली रूपे निराळी.

पाठचिकित्सेत स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद खाली देण्याची रीत आहे. आम्ही तीच पाळली: शीर्षकात गाणाऱ्यांचा शब्द, टॅगांत शोधणाऱ्यांचे. पाहणारे यामुळे कदाचित थोडे कमी येतील. पण उद्या त्या गाणारीच्या नातीने आजीच्या शब्दाने शोध घेतला, तर तिला आजीचे गाणे परक्या नावाखाली शोधावे लागू नये.