फेस

कारकुनाने फाइल पाहावी, वाचू नये, असे आमच्या कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. पाहणे म्हणजे पृष्ठांक बरोबर आहेत ना, सहपत्रे जोडली आहेत ना, बेरीज जुळते ना, एवढेच. आता फाइल कागदाची राहिली नाही. ती पडद्यावर उघडते आणि पृष्ठांकही यंत्रच घालते. तरी नियम तोच आहे आणि मी तो बहुधा पाळतो. परंतु गेल्या पावसाळ्यात, दिल्लीच्या त्या चिकट उकाड्यात, एक फाइल माझ्यापुढे आली आणि मी ती चक्क वाचीत बसलो. याला कारण तिच्यातील एक शब्द. तो शब्द म्हणजे फेस.

फाइल संशोधनाच्या अनुदानाची होती. अर्जदार कोण, कोठले, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि येथे त्याचे कारणही नाही. कल्पना मात्र थोडक्यात अशी होती: औषधे, एन्झाइमे वगैरे तयार करण्यासाठी मोठ्या टाक्यांतून जे किण्वन चालते, त्या टाकीत बुरशीपासून मिळणारे एक विशिष्ट प्रथिन अगदी अल्प प्रमाणात मिसळावे, त्यामुळे हवेचे बुडबुडे बारीक राहतील, एकमेकांत मिसळणार नाहीत, आणि पाण्यात प्राणवायू अधिक विरघळेल. या प्रथिनाला हायड्रोफोबिन म्हणतात. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आहे. परंतु त्या पदवीचा उपयोग स्पर्धापरीक्षेच्या अर्जातील एक चौकोन भरण्यापलीकडे मला आजवर झाला नव्हता. त्या दिवशी तो झाला. आणि पदवीपेक्षाही अधिक उपयोगी पडले ते लहानपणी घरी ऐकलेले बाबांचे बोलणे.

बाबा पुण्याजवळच्या एका खासगी औषधकारखान्यात फर्मेंटरवर होते. रात्रपाळी करून ते सकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना गोडसर आंबूस वास येई. आई ते कपडे वेगळे भिजत घाली. चहा पिता पिता ते रात्रीची हकीगत सांगत. तिच्यात नेहमी दोनच पात्रे असत, एक हवा आणि दुसरा फेस. हवा हवीशी आणि कधी पुरेशी न मिळणारी. फेस नकोसा आणि कधी न टळणारा. "बुरशीला साखर पोत्यांनी मिळते रे, हवा मात्र चिमटीने," असे ते म्हणत. मला वाटे, ही त्यांची अतिशयोक्ती.

ती अतिशयोक्ती नव्हती. एक लिटर पाण्यात साखर शेकडो ग्रॅम विरघळते. पण नेहमीच्या हवेतून त्याच लिटरभर पाण्यात प्राणवायू उतरतो तो अवघा सात-आठ मिलिग्रॅम. टाकीत बुरशीची दाट वाढ झाली म्हणजे एवढा प्राणवायू ती पाहता पाहता संपविते. मग खालून सतत हवा सोडायची, मोठमोठ्या पंख्यांनी ती घुसळायची, आणि कॉम्प्रेसरचे बिल भरायचे. शिवाय पेनिसिलिनच्या बुरशीचा रस्सा पातळ राहत नाही. तंतू वाढून त्याचे पिठले होते, आणि पिठल्यात बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे होतात व भसकन वर निघून जातात. मोठा बुडबुडा म्हणजे कमी पृष्ठभाग. तेवढीच हवा एकदशांश व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर पृष्ठभाग दहापट होतो. प्राणवायूला पाण्यात शिरायचे ते या पृष्ठभागातूनच.

सुरुवातीला माणसाने हा प्रश्न टाळलाच होता. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी पेनिसिलिन काढावयास घेतले तेव्हा बुरशी उथळ भांड्यांतून, द्रवाच्या पृष्ठभागावर, उघड्या हवेत वाढवीत. रुग्णालयातील बेडपॅनसुद्धा त्यांनी या कामी लावली होती. अशाने माणसे किती वाचणार? १९४४ च्या मार्चमध्ये ब्रुकलिन येथे फायझर कंपनीच्या खोल टाक्या चालू झाल्या आणि बुरशी पाण्याच्या पोटात वाढू लागली. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती १९५४ साली. (बाबांचा कारखाना हा नव्हे, हे सांगून ठेवतो.) पण खोल टाकीत हवा घुसळली की फेस आलाच. तो मारण्यासाठी त्या काळी डुकराच्या चरबीचे तेल घालीत. पुढे अनेक प्रकारचे अँटीफोम आले. आणि येथेच खरी अडचण आहे. अँटीफोम फक्त वरचा फेस मोडून थांबत नाही. आतले बुडबुडेही तो एकमेकांत मिसळवितो, पृष्ठभाग घटतो आणि प्राणवायू खाली येतो. फेस मारावा तर बुरशी गुदमरते. बुरशीला श्वास द्यावा तर फेस चढतो.

आता त्या प्रथिनाकडे येतो. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे वेसल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बुरशीत अशी प्रथिने दाखविली आणि त्यांना हायड्रोफोबिन हे नाव पडले. त्या बुरशीचे नाव शिझोफायलम कम्यून. ते फाइलमध्ये वाचले आणि मी थबकलो, कारण ही बुरशी मी खाल्लेली आहे. २०१६ ते २०१९ मी इंफाळला होतो. तेथील इमा कैथेल या बायकांच्या बाजारात कांगलायेन म्हणून लहान पंख्यासारखी, करडी-पांढरी, जरा चिवट अळंबी विकावयास येत. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना सारी गल्ली 'इमा' म्हणजे आई म्हणून हाक मारी, त्या बेसनात ही अळंबी घालून, पानांत गुंडाळून, पाकनम नावाचा पदार्थ करीत. कोथिंबीरवडीची आठवण यावी आणि आंबवलेल्या मासळीच्या वासाने ती तत्काळ पुसली जावी, असा तो पदार्थ. पहिल्या महिन्यात मी तो नम्रपणे टाळला. तिसऱ्या महिन्यापासून मागून खाऊ लागलो.

या कांगलायेनला जी विद्या येते ती अशी. बुरशीचा तंतू केसाहूनही कितीतरी बारीक. तो ओलाव्यातून वर हवेत यावयास निघतो तेव्हा पाण्याचा पृष्ठताण त्याला भिंतीसारखा आडवा येतो. तेव्हा बुरशी हे प्रथिन पाण्यात सोडते. ते शंभराच्या आसपास अमिनो आम्लांचे असते. त्यात आठ सिस्टीन ठरावीक क्रमाने येतात आणि आपसांत चार गाठी मारून साखळी घट्ट बांधून ठेवतात. इतर प्रथिने आपला पाण्याला भिणारा भाग पोटात लपवितात. हे तो अंगावर वागविते. म्हणून ते पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जाऊन बसते, तेथे त्याचे पातळ कातडे बनते, आणि पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनांवरून २४ पर्यंत उतरतो. भिंतीला दार पडते. तंतू बाहेर येतो आणि तेच प्रथिन पांघरतो, म्हणजे अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे पाणी त्याच्यावरून घरंगळते.

बुडबुड्याभोवती हेच कातडे बसले तर तो शेजाऱ्यात मिसळत नाही, हे उघड आहे. पण हेही उघड आहे की वर गेलेला फेस मग सहजी मोडत नाही. या जातीच्या एका प्रथिनाचा फेस महिनोन् महिने टिकलेला आहे. जवावर फ्युझेरियम बुरशी पडली तर त्या धान्याची बिअर बाटली उघडताच कारंज्यासारखी उसळते, त्यामागेही हीच मंडळी. आणि दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू कुजवून जी प्रसिद्धीस आली, ती ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी सेल्युलेज बनविण्यासाठी टाक्यांतून वाढवितात तेव्हा हायड्रोफोबिन स्वतःच सोडते आणि फेसाने कामगारांना सतावते. म्हणजे ज्याला टाकीतून घालवायचे त्यालाच आमंत्रण द्यावयाचे!

त्या रात्री मी बाबांना फोन केला. कोणाची नावे घेतली नाहीत. नुसते विचारले, "बाबा, टाकीत मुद्दाम फेस येईल असं काही घातलं आणि त्यानं हवा जास्त विरघळली, तर?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती घालायचं?"

"अगदी थोडं."

"आणि वरचा फेस कशानं मारणार? अँटीफोमनं? म्हणजे एका हातानं घालायचं आणि दुसऱ्या हातानं काढायचं." पुन्हा थांबून म्हणाले, "बुडबुडा बारीक झाला म्हणजे झालं असं नाही रे. फार बारीक बुडबुडा लवकर वर येत नाही. आतली हवा संपली तरी तसाच फिरत राहतो, जागा अडवून. आणि कातडं बसलं तर हवा त्यातून तेवढ्याच वेगानं जाईल का? पण करून बघायला पाहिजे. नुसतं बोलून काय कळणार?"

बाबा जुन्या अकरावीनंतर कारखान्यात लागले होते. फाइलमध्ये जोडलेल्या चाळीस पृष्ठांत यांपैकी एका शंकेला अर्धा परिच्छेद होता. बाकीच्या दोहोंना तोही नव्हता.

दिवाळीच्या रजेत घरी गेलो तेव्हा मी त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून तो मेमो शोधून काढला. १९९८ सालचा. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी बाबांची वेतनवाढ थांबली आणि घरात शिलाईयंत्र आले, एवढे मला आठवत होते. रात्रपाळीत फेस चढला, हवा बाहेर जाण्याच्या वाटेवरचा फिल्टर भिजला, बाहेरचे जंतू आत गेले आणि सबंध बॅच गटारात सोडावी लागली. 'अँटीफोम वेळीच न घालण्याचा निष्काळजीपणा' असे मेमोत म्हटले होते. बाबांनी तो वेळीच घातला नाही हे खरे. पण का घातला नाही? त्या रात्री विरघळलेल्या प्राणवायूचा काटा आधीच खाली आला होता. तेल ओतले तर बुरशी मरेल म्हणून ते थांबले, आणि दहा-पंधरा मिनिटे अधिक थांबले. मेमोत काट्याचा उल्लेख नव्हता. खुलाशातही नव्हता, खुलासा कारखान्यातल्याच कोणा कारकुनाने इंग्रजीत लिहून दिला होता आणि बाबांनी खाली सही केली होती. 'चूक मान्य आहे; पुन्हा होणार नाही.'

मसुदा निर्दोष होता. मीही तो असाच केला असता. असे किती मी केले आहेत, याचा हिशेब त्या ट्रंकेपाशी बसून करवेना. बाबा दारात उभे होते. "ठेव ते परत, कागद फाटेल," एवढेच म्हणाले.

जानेवारीत फाइल तज्ज्ञ समितीकडून परत आली. समितीच्या तीन पृच्छा होत्या. दुसरी अशी, की फेसाचे नियंत्रण कसे करणार आणि त्यासाठी अँटीफोम वापरल्यास प्राणवायूत झालेली वाढ टिकेल काय, हे अर्जदारांनी प्रयोगाच्या आराखड्यात दाखवावे. मी संध्याकाळी फोन केला.

"विचारलं ना त्यांनी? बरं झालं," बाबा म्हणाले. "त्यांना म्हणावं, बाहेरच्या हवेचा फिल्टर आधी बघा."

फिल्टरविषयी फाइलवर लिहिणे हे माझे काम नव्हे. दुसऱ्या दिवशी मी टिपण लिहिले: समितीच्या पृच्छा अर्जदारांस कळविण्याच्या पत्राचा मसुदा मंजुरीसाठी सादर. मसुद्यात दुसरी पृच्छा मी पहिली केली.