वाकडीच असू द्या!

दिवाळीच्या आधीचे चार दिवस घरात सर्वांत अधिक अडचण कुणाची होत असेल, तर ती दोन ते पाच वर्षांच्या मंडळींची. चकलीच्या कढईजवळ ती चालत नाहीत, रांगोळीजवळ चालत नाहीत, आणि मोठ्या भावंडांच्या किल्ल्यावर तर त्यांची सावलीही चालत नाही. "जा, तिकडे खेळ," एवढेच त्यांच्या वाट्याला येते. आणि 'तिकडे' म्हणजे नेमके कोठे, हे कुणीच सांगत नाही.

मी आजी झाल्यापासून आमच्या घरचे हे 'तिकडे' माझ्याकडे आले आहे. गॅलरीत जुनी चादर अंथरायची आणि वसुबारसेपर्यंत प्रत्येकाच्या हातची, पुढे जपून ठेवावी अशी एक तरी वस्तू करून घ्यायची, हा माझा नेम.

साहित्य फार लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला मुलांना शिकवायला घेतले, तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांची साधने होती. आपल्याला तर स्वयंपाकघर जवळ आहे!

सर्वांत सोपी ती पणती. साधी मातीची पणती रात्रभर पाण्यात भिजवून मग नीट वाळवावी, म्हणजे ती तेल कमी पिते. तांदळाच्या पिठीत डिंकाचे पाणी कालवावे आणि बाहेरच्या अंगाला मुलाला बोटाने ठिपके देऊ द्यावेत. कुंचला लागत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे बोट हाच कुंचला.

दुसरा प्रकार पंजाचा. जाड कागदावर गेरूचा पंजा उठवावा. हळदीचा रंग सुरेख दिसतो, पण उजेडाने उडतो. गेरू ही मातीच असल्यामुळे वर्षानुवर्षे टिकतो. ठसाच हवा असेल तर दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तेवढे पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा, जाड भाकरीएवढा थापावा, आणि त्यावर तळहात दाबावा. सावलीत, मधूनमधून उलटवत, चांगले आठवडाभर वाळवावे. मीठ दमट हवेत पाणी धरते, म्हणून पुरता वाळल्यावर मोठ्यांनी वरून वॉर्निशचा हात द्यावा. खारट गोळा मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. मणी-टिकल्या तर या वयात नकोतच. आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते. त्यात मुलाचा हात कधीही दाबून धरू नये.

एवढे झाले की आपले काम संपले. पण खरी कठीण गोष्ट इथेच सुरू होते, ती म्हणजे आपले हात आवरणे.

गेल्या दिवाळीत माझ्या चार वर्षांच्या नातीने केलेली पणती तिच्या आईने हौसेने 'जरा नीट' केली. फराटे पुसले, काठाला वेल काढली, आरसे लावले. पणती खरोखर देखणी झाली. भाऊबिजेला मी नातीला विचारले, "ही पणती कुणाची गं?"

"आईची," ती म्हणाली. मग तुळशीमागे जाऊन तिने एक टवका उडालेली पणती आणली. तिच्यावर पांढरा एकच फराटा होता. "ही माझी."

सूनबाई ऐकत होती. ती काही बोलली नाही. तिने आरशांची पणती खाली ठेवली, त्या फराट्याच्या पणतीत वात लावली आणि तीच ओवाळायच्या तबकात ठेवून तबक लेकीच्या हाती दिले.

तेव्हा मैत्रिणींनो, ठिपका पसरला तर पुसू नका, बोट घसरले तर सावरू नका. सुबक पणत्या बाजारात डझनाने मिळतात. आपल्याला हवे आहे ते त्या वर्षीचे बोट, आणि पुढच्या दिवाळीत ते एवढे लहान राहत नाही.

मागच्या बाजूला मात्र नाव, तारीख आणि वय आठवणीने लिहा, आणि वस्तू सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. माझा थोरला नातू आता एकोणीस वर्षांचा आहे आणि वसतिगृहात राहतो. त्याचा तिसऱ्या वर्षीचा गेरूचा पंजा त्याची आई दर दिवाळीला डब्यातून काढते. धूळ झटकायला, असे ती सांगते. डब्यात कसली आली आहे धूळ!