उर्फ

पनवेलच्या आमच्या घरी आजीला दोन नावं होती. एक माहेरचं, दुसरं लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं. माहेरच्या जमिनीला वारस म्हणून तिची नोंद झाली, तेव्हा सातबाऱ्यावर दोन्ही नावं चढली, मध्ये ‘उर्फ’. आजोबा त्या शब्दावर बोट ठेवून म्हणायचे, “हा नसता तर सरकारदरबारी या दोन बायका झाल्या असत्या.”

तो शब्द मला पुन्हा आठवला नोकरीत. सी भाषेत ऑब्जेक्ट उभे करायचे, म्हणून मी प्रत्येक स्ट्रक्चरच्या सुरुवातीला तीच तीन फील्ड लिहिली आणि कास्ट करून सगळ्यांना एकाच ‘बेस’ नावानं हाक मारू लागले. जीसीसी कंपायलरनं बजावलं: यानं स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम मोडेल. एलियास म्हणजे उर्फच. मी मध्ये एक व्हॉइड पॉइंटर घातला. इशारा गेला. पण ओ-टू हे ऑप्टिमायझेशन लावून बांधलेल्या प्रोग्राममध्ये एका नावानं वाढवलेला काउंट दुसऱ्या नावानं वाचला, की जुनाच आकडा यायचा. ऑप्टिमायझेशन काढलं की सगळं बरोबर. दोन रात्री मी शेवटच्या लोकलनं पनवेलला उतरले, डोक्यात तोच आकडा.

कंपायलरचं काही चुकलं नव्हतं. एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत, असं धरून चालायची मुभा सीचं मानकच त्याला देतं. म्हणून तो रजिस्टरमधली किंमत वापरतो, मेमरीत पुन्हा बघत नाही. नावं दोन, म्हणजे माणसं दोन.

पायथनच्या सी कोडमध्ये हीच चूक वर्षानुवर्षं होती. लिनक्स कर्नल तर हा नियम बंद करूनच बांधतात. पायथननं मात्र नातं लिहून टाकलं. २००७ साली मार्टिन फॉन ल्योविस यांनी पेप ३१२३ हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव मांडला, आणि २००८ च्या पायथन ३.० मध्ये बेस स्ट्रक्चर हाच प्रत्येक ऑब्जेक्टचा पहिला सदस्य झाला. स्ट्रक्चरचा आणि त्याच्या पहिल्या सदस्याचा पत्ता एकच असतो, याची हमी मानकात आहे. मीही माझी तीन फील्ड पुसून तिथे बेस ठेवला. आकडा जुळला.

आता नव्या मुलांचा कोड तपासताना मी एवढंच सांगते: इशारा गप्प करू नका. दोन नावं एकाच वस्तूची असतील, तर मध्ये उर्फ लिहा.