इंग्रजीचे सर

टेंभुर्णीसारख्या गावात इंग्रजीचा शिक्षक बहुधा बाहेरचा असतो. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले हे बाजाराचे गाव. तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो. भरतीच्या यादीत किंवा बदलीच्या आदेशात नाव निघते आणि कुणी लातूरकडचा, कुणी खानदेशातला, कधी थेट कोकणातला माणूस अशा गावी येऊन उतरतो. आधी खोली शोधायची. घरमालक भाड्याचे नंतर बोलतो. अगोदर गाव विचारतो, मग घरची माणसे, मग विषय. ‘इंग्रजी’ म्हटले की त्याचा सूर बदलतो. “मग आमच्या पोराकडं बघा सर. बाकीचं करतो तो, इंग्लिशलाच मार खातो.” चहा येतो आणि खोली मिळते.

चीनमध्ये इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी शिक्षकाचे पहिले दिवसही घर, कागदपत्रे आणि ओळखी यांतच जातात. 2001 साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण घेतले आणि बाहेरच्या शिक्षकांची मागणी वाढत गेली. राहायची सोय पुष्कळदा शाळाच करते, बँकेत खाते उघडायला सहकारी सोबत येतो. वर्गात चाळीस-पन्नास मुले त्याच्या मागून वाक्य म्हणतात. पण फाटकाबाहेर पडला की त्याचे बोलणे खुंटते. भाजी घ्यायची तर बोट दाखवायचे किंवा मोबाइल पुढे करायचा. टेंभुर्णीत नेमके उलटे आहे. इथल्या सरांना भाजीचा भाव पाडून घेता येतो, कोपऱ्यातले पोर का मुसमुसते आहे तेही न सांगता कळते. परके असते ते इंग्रजी. तास संपला, फळा पुसला, की त्या भाषेत बोलायला गावात दुसरे माणूस मिळत नाही.

या परकेपणाला इतिहास आहे. टेंभुर्णी ज्या मराठवाड्यात येते, तो 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभाराची भाषा उर्दू, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच. मुंबई-पुण्याकडच्या घरांत दोन-तीन पिढ्या इंग्रजी मुरले होते. इकडच्या शेतकरी घरात ते अगदी अलीकडे आले. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी शिकलेल्या आई-बापांना मुलाच्या वहीतले इंग्रजी तपासता येत नाही, म्हणून त्यांची सगळी भिस्त सरांवर असते. ही भिस्त फार मोठी आहे आणि ती हलकी मानणारा शिक्षक इथे रुजत नाही.

बाहेरून येऊन रुजण्याचे जुने उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका 1827 साली मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. ती आधी मराठी शिकली आणि मुलींच्या शाळा तिने मराठीत चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंच्या शिक्षणातही तिचा वाटा होता. शिकवणाऱ्याला आधी शिकणाऱ्याची बोली उचलावी लागते, हे तिने अहमदनगरात करून दाखवले. टेंभुर्णीत आलेल्या कोकणातल्या सरांनाही मुलांचे हेल आणि शिवारातले शब्द कानावर घ्यावेच लागतात.

मग त्यांच्या लक्षात येते की इंग्रजी गावात अगदीच नाही असे नाही. कपाशी, सोयाबीन, तूर, मका ही इथली पिके, आणि शेतीबरोबर मोटर, स्टार्टर, फेज, ड्रिप, डीपी हे शब्द प्रत्येक घरात आलेले. पहिलीतले मूल ते शाळेत येण्याआधीच बोलते. जाणता शिक्षक इथूनच सुरुवात करतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा वर्गात आणणे धोक्याचे. पण त्यावरची खूण फळ्यावर काढता येते. टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, खालचा रंगीत. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्याच्या वर ‘पॉयझन’, निळ्याच्या वर ‘डेंजर’, हिरव्याच्या वर ‘कॉशन’. माहितीपत्रकाचे अक्षर बारीक असते, वडील घाईत असतात. हे तीन शब्द ओळखणारी सातवीतली मुलगी घरात खरोखर उपयोगी पडते. इंग्रजीचा इतका नेटका पाठ क्वचितच सापडेल.

वर्षाची लयही शिवारच ठरवते. जूनमध्ये वर्ग भरलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की बाके रिकामी होऊ लागतात. “उद्या येणार नाही सर, वेचणीला जायचंय,” असे मूल सरळ सांगून जाते. त्याला रागावून काही साधत नाही. ते परतल्यावर राहिलेला धडा पुन्हा घेणे, एवढेच हाती असते. जानेवारीनंतर दहावीची घाई सुरू होते, सकाळचे जादा तास लागतात. शहरातून जाऊन-येऊन करणाऱ्या शिक्षकाला इथे फार जड जाते, कारण एसटीची वेळ सांभाळली की जादा तास सुटतो. शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावे हा नियम बऱ्याच ठिकाणी ग्रामसभेच्या ठरावापुरता उरला आहे, हे दुखणे खरे आहे. भाषेच्या शिक्षकाच्या बाबतीत ते अधिक बोचते. इंग्रजीचे एखादे वाक्य संध्याकाळी पारावर, दुकानात, सहज विचारले गेले तरच ते मुलाच्या तोंडी बसते.

शिक्षक आणि मुले यांची ताटातूटही दोन्हीकडे वेगळी होते. चीनमध्ये 2021 च्या जुलैत सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक बंधने आणली, परदेशात बसून ऑनलाइन शिकवणाऱ्यांचे वर्ग बंद झाले आणि अनेक शिक्षकांचे विद्यार्थी एकदम तुटले. टेंभुर्णीकडे इतके अचानक काही घडत नाही. इथे बदलीचा आदेश येतो. निघण्याआधी काही सर नव्या माणसाला बसवून सांगतात की कोण वाचतो पण बोलत नाही, कुणाला भूतकाळ अडतो, कुणाचे वडील रात्रीच घरी सापडतात. एवढे सांगणे झाले असेल, तर नवा शिक्षक जूनमध्ये त्या वर्गाला पुन्हा मुळाक्षरांपासून बसवत नाही.