पेठांखालचं पाणी

जुनं कसबे पुणे दोन ओढ्यांच्या मधे वसलेलं होतं: पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा. आजचा बाजीराव रस्ता जिथून जातो, त्याच्या आसपास आंबिल ओढा वाहत असे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, ओढा वळवला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पेठा वाढल्या. त्या पात्राचा फोटो काढायला बाजीराव रस्त्यावर उभं राहिलं, तर भिंगात दुकानं आणि बसगाड्याच येतात. तळ्याचं तसं नाही. त्याच्या जागी झालेल्या सारसबागेत आजही रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. हिरवळीलगत कॅमेरा धरला की तळ्याचा तळ आणि गणपतीचं बेट एकाच चौकटीत मावतात.

आमच्या वाड्यातल्या हौदाला कात्रजचं पाणी होतं. पेशवाईत बांधलेल्या भुयारी दगडी नळातून, निव्वळ उतारावर, ते शनिवारवाड्यापर्यंत यायचं. हवा खेळावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवलेले. मे महिन्यात त्या पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत गारवा चढे. हौदाच्या काठावर धुणं, भांडी, भांडणं, सगळंच चाले. वाडा पाडला तेव्हा हौदही बुजवला. आता तिथे पार्किंग आहे. सदाशिव पेठेतला हौद गेला, चौकाला नाव उरलं. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लेकीच्या आठवणीसाठी बांधलेला बाहुलीचा हौद मात्र उभा आहे. त्याच्यासमोर मी कितीही वेळ थांबू शकतो.

नागझरी अजून वाहते, पण तिला आता सगळे नालाच म्हणतात. दारूवाला पुलावरून जाणाऱ्यांना आपण पाणी ओलांडतोय हे कळतही नाही. त्रिशुंड गणपती आणि नागेश्वर ही देवळं तिच्याच काठची. देवळांचे फोटो ढिगाने निघतात. मला हवा असतो तो त्यांच्या पाठीमागचा काठ, सांडपाण्यासकट. देऊळ इथेच का बांधलं, ते त्या काठाशिवाय समजत नाही.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा काठच्या वस्त्यांत शिरला, माणसं दगावली. पात्र आवळत गेलं, काठावर भिंती चढल्या. पाण्याचा उतार मात्र कात्रजकडून मुठेकडेच राहिला. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात अरण्येश्वर ते दांडेकर पूल ही ओढ्याकाठची वाट चालत टिपायची आहे. पुराच्या खुणा जिथे भिंतींवर उरल्या असतील, तिथे त्या रंगाखाली जाण्याआधी.