घड्याळ

माझे मामा फलटणचे. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, तेव्हा समोर भिजणाऱ्यांत मामाही होते. पुढे आठवडाभर त्यांना सर्दी होती आणि ती ते पदकासारखी मिरवत होते. मी तेव्हा कडवा कमळवाला. सिंचनावरचे बैलगाडीभर पुरावे मला पाढ्यांसारखे पाठ होते.

निकाल लागला आणि पाचव्या दिवशी भाऊबीज आली. मामा हडपसरला आमच्याकडे आले. आईनं ओवाळलं, पानं वाढली. मामा ५४ आमदारांचं कौतुक सांगत होते. मी म्हणालो, "मामा, तुमचं घड्याळ जन्मापासून दहा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलंय. सेल तरी बदला." सगळे हसले. मामांनी बासुंदीची वाटी बाजूला सरकवली, हात धुतला, चप्पल घातली. आई गेटपर्यंत मागं गेली. पण एसटीला म्हणे उशीर होत होता.

जोक चांगला होता, हे मी अजूनही म्हणतो. तो मामांना ऐकवायचा नव्हता, एवढंच.

महिनाही झाला नाही आणि २३ नोव्हेंबरला सकाळी उठून पाहतो तर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी होऊन गेलेला. आई चहा ठेवत म्हणाली, "आता तुमचं एकच झालं की रे. लाव मामाला फोन." म्हटलं, इतक्यात नको, दोन दिवस जाऊ देत. तीन दिवसांनी सरकारच गेलं. ऐंशी तासांत मला एक फोन जमला नाही.

मग उद्धव ठाकरे आले, गुवाहाटीची झाडी आणि डोंगर आले, एकनाथ शिंदे आले. ज्यांना मी शिव्या द्यायचो ते २ जुलै २०२३ ला परत आमचे झाले. बैलगाडी कुठं सोडली, बैल कुणी नेले, कुणी विचारलं नाही. मीही नाही. जे नेते एकमेकांना जेलमध्ये टाकणार होते, ते एका सोफ्यावर बसले. मामा आणि मी मात्र तत्त्वनिष्ठ! आमचा अबोला चालूच.

या सगळ्या सरकारांनी आईसाठी एकच गोष्ट केली, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. भाऊ येत नाही म्हटल्यावर तीच भाऊबीजेला फलटणला जायला लागली. ओवाळणीचं ताट पिशवीत, अर्ध्या तिकिटात. परत आली की ती मामांबद्दल काही बोलायची नाही आणि मी काही विचारायचो नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं घड्याळ पुतण्याला दिलं. काकांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. २० नोव्हेंबरला मी मतदानाला गेलो. हडपसरात महायुतीची जागा घड्याळाला सुटलेली. मशीनवर वरपासून खालपर्यंत पाहिलं, कमळ नव्हतंच. होतं ते घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं. बटण दाबलं. मशीन लांबलचक बीप करून ओरडलं, माझ्या नावानं ओरडल्यासारखं.

बाहेर येऊन चहाच्या टपरीवरून मामांना फोन लावला. पाच वर्षांनी.

"मामा, मी बोलतोय. घड्याळाला मत देऊन आलो."

मामा बराच वेळ गप्प. मागं टीव्ही चालू होता.

"मी तुतारी वाजवून आलो," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "चालतंय का नीट तुझं घड्याळ? का सेल पाठवू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "अक्काला सांग, पुढच्या भाऊबीजेला मी येतो. तिनं यायचं नाही. तिचे गुडघे दुखतात, तुला ठाऊक तरी आहे का?"

ठाऊक नव्हतं. ५४ आणि १०५ पाठ होते.