उद्यमबागेच्या वेशीवर : घर घेणाऱ्या कुटुंबांस चार शब्द

बेळगावच्या टिळकवाडीतून खानापूरच्या रस्त्याने निघाले, की तिसऱ्या रेल्वे फाटकाशी, जेथे आता उड्डाणपूल उभा आहे, शहराचा रंग पालटतो. पुढे लागते ती उद्यमबाग. नाव बागेचे खरे, पण वास फुलांचा नाही. तो तापल्या लोखंडाचा आणि यंत्रतेलाचा. एका बाजूस फौंड्रीच्या भट्ट्या, दुसरीकडे लेथांची घरघर; जवळच १९७९ मध्ये स्थापन झालेले गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय. सकाळी सायकली, दुचाक्या आणि बसगाड्या यांतून कामगारांचे थवे येतात. त्यांत खानापूर आणि चंदगड तालुक्यांतील आपल्या खेड्यांची मुलेही असतात.

या रस्त्याने पिरनवाडी, मच्छेपर्यंत जावे, किंवा आत अनगोळ, मजगावकडे वळावे; दोन्हीकडे एकच देखावा दिसतो. ज्या शिवारात बेळगावचा सुवासिक बासमती डुलत असे, त्यांतील कित्येक ठिकाणी आज सिमेंटचे खुंट रोवलेले आहेत. दोन खुंटांमध्ये एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. गावाकडचे शेत विकून, बायकोचे दागिने मोडून, सोसायटीचे कर्ज काढून माणूस येथे येतो आणि म्हणतो, “फादर, पोरांना शाळा जवळ पडेल, स्वतःचे छप्पर होईल.” ही इच्छा पवित्र आहे. संत योसेफानेही मरियेसाठी आणि बाळासाठी निवारा शोधला होता. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते.

घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस बोलावणी येतात. अशाच एका घरी, प्रार्थना आटोपल्यावर, आम्ही घरधन्यास सहज विचारले, “कागदपत्रे नीट आहेत ना?” त्याने कौतुकाने पेटी उघडली. आत एक ‘बाँड’ होता. मुद्रांकाच्या कागदावर किंमत लिहिलेली, विकणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. नोंदणी मात्र कोठेच नव्हती. भिंतींना रंग लागला होता, दाराला तोरण होते. आणि कायद्याच्या दृष्टीने ती जमीन अजून दुसऱ्याचीच होती.

वाचकहो, हे नीट ध्यानात ठेवा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची जमीन वा घर केवळ नोंदलेल्या खरेदीखतानेच विकत घेता येते. बाँडने, इसारपावतीने किंवा साठेखताने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या विक्रीनेही मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. शेतजमीन बिनशेती (एन. ए.) झालेली नसते, भूखंडांच्या आराखड्यास ‘बुडा’ची मंजुरी नसते, म्हणून खरेदीखत नोंदविण्यास अडचण येते, आणि त्याच अडचणीतून बाँडचा व्यवहार जन्मास येतो. स्वस्ताईचे खरे कारण हेच होय.

पवित्र शास्त्र याविषयी मुके नाही. अब्राहामाने साराच्या दफनासाठी मक्पेला येथील शेत घेतले, तेव्हा एफ्रोनने ते फुकट देऊ केले होते. अब्राहामाने ते नाकारले. चारशे शेकेल रुपे सर्वांदेखत तोलून दिले; शेत, त्यातील गुहा आणि हद्दीतील झाडे यांचा व्यवहार नगराच्या वेशीत जमलेल्या लोकांसमक्ष झाला. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेलांस घेतले. खरेदीपत्राच्या मोहोरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात जपून ठेवविल्या. शत्रूचा वेढा पडला असतानाही त्याने साक्षीदार चुकविले नाहीत. श्रद्धा असली म्हणजे कागद नको, असे जो समजतो, त्याने हे दोन उतारे वाचावेत.

तेव्हा इसाराचा पहिला रुपया देण्यापूर्वी काय पाहावे? मूळ खरेदीखते व उतारे पाहावेत आणि विकणाऱ्याचे नाव त्यांत कसे आले ते तपासावे. निदान तीस वर्षांचा बोजा दाखला काढावा. गहाण व आधीच्या नोंदलेल्या विक्री त्यातून कळतात. बिनशेतीचा हुकूम आणि मंजूर आराखडा मागावा. २०२४ पासून कर्नाटकात घराचे वा भूखंडाचे खरेदीखत नोंदविण्यास ई-खाते लागते, तेही मागावे. जमीन एखाद्या रस्त्याच्या भूसंपादनात तर नाही ना, याची चौकशी करावी. हलगा-मच्छे बायपासच्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी केलेला झगडा या भागात सर्वांस ठाऊक आहे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे कागद कानडीत असतात. आपल्यापैकी पुष्कळांस ती लिपी वाचता येत नाही. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. कानडी जाणणाऱ्या, आणि विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या, वकिलाकडून प्रत्येक ओळ मराठीत समजून घ्या. त्याची फी जड वाटेल. पण बुडालेल्या शेताच्या पैशापुढे ती काहीच नव्हे.

आता विकणाऱ्यांस एक कठोर शब्द. गावाकडचे वडिलांचे घर वा शेत विकून मुलगे शहरात येतात, तेव्हा बहिणींचे काय? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीचा एकतृतीयांश भाग विधवेला मिळतो आणि उरलेले दोनतृतीयांश सर्व मुलांत समान वाटले जातात. मुलगा आणि मुलगी असा भेद या कायद्यात नाही. तरीही सणाला साडीचोळी देऊन, लग्न झालेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकविले जाते आणि “सही कर, घरचाच कागद आहे” असे सांगितले जाते. तिने समजून, स्वखुशीने हक्क सोडला तर प्रश्न नाही. पण न सांगता घेतलेली सही ही चोरीच होय. आणि तिला वगळून केलेली विक्री उद्या घेणाऱ्यालाही कोर्टाची पायरी चढावयास लावते. नाबोथाचा मळा राजाने बळकावला, हे आपण देवळात ऐकतो. बहिणीचा वाटा बळकाविणाराही त्याच वाटेने चालला आहे.

कागद शुद्ध झाला, की मग मातीकडे पाहा. जागा उन्हाळ्यात आवडली तरी निर्णय आषाढात करा. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात शिवारात कसे पसरते, हे वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्यांस विचारा. काळी जमीन उन्हात भेगाळते व पावसात फुगते. तेथे घट्ट थर लागेपर्यंत पाया खोल न्यावा. येथला पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या भिंतीस पागोळी रुंद ठेवावी. शौचाची टाकी विहिरीपासून शक्य तितकी दूर व उताराच्या खाली असावी. मृगापूर्वी गच्चीच्या भेगा बुजवाव्यात, पन्हळी साफ कराव्यात, कौले चाळावीत, आणि विजेची अर्थिंग तपासून घ्यावी. घरपट्टीच्या पावत्या खरेदीखतासह एका डब्यात ठेवाव्यात, आणि तो डबा कोठे आहे हे पत्नीलाही ठाऊक असावे.

घर झाल्यावर आम्हांस जरूर बोलवा. पवित्र पाणी घेऊन आम्ही आनंदाने येऊ. मात्र त्याआधी, इसार देण्यापूर्वीच, कागद वकिलाकडे नेऊन दाखवा. आणि सही करताना बहिणीला जवळ बसवा.